श्रावणबाळचा आकडा कसा वाचायचा

श्रावणबाळ म्हणजे निराधार वृद्धांना राज्य सरकारकडून दरमहा निवृत्तीवेतन देणारी योजना. तिच्याबद्दल 'लाभार्थी वाढले म्हणजे काम चांगलं' असं म्हटलं जातं, ते गणित पटत नाही. मंजूर किती, यापेक्षा महिन्याला किती खात्यांत रक्कम जमा झाली आणि किती परत आली, हे तहसीलमधल्या संजय गांधी शाखेत (अशा योजनांचं काम पाहणाऱ्या विभागात) मागा. रक्कम आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. आजी मात्र जुनंच पासबुक भरून आणतात! सोलापुरात विडी वळून ठसे झिजलेल्या बायका पुष्कळ. आधार पडताळणीत अंगठा उमटला नाही, तर बुबुळांची किंवा चेहऱ्याची पडताळणी मागावी.

दुसरी गफलत दुहेरी मोजणीची. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठाला इंदिरा गांधी वृद्धापकाळ निवृत्तीवेतन योजनेतून केंद्राचे महिन्याला २०० रुपये (वयाच्या ८० वर्षांनंतर ५००) मिळतात, वर श्रावणबाळची भर. दोन्ही याद्यांची नुसती बेरीज केली की माणूस एक, लाभार्थी दोन.