सिंगापूर–न्यूयॉर्क थेट विमानप्रवास: आईच्या औषधांच्या वेळा कशा ठरवू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आईला घेऊन सिंगापूरहून न्यूयॉर्कला जायचं आहे. तिचं वय ७२, रक्तदाबाची गोळी रात्री ९ला ठरलेली. दोन शहरांतलं सरळ अंतर सुमारे १५,३०० किमी. ताशी ९०० किमी धरलं तर १७ तास होतात, पण थेट विमानाला साडेअठरा तासांच्या आसपास लागतात. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून पाहिला, तर तो पार उत्तर ध्रुवाजवळून गेला! विमानं मात्र बरेचदा पॅसिफिकवरून जातात म्हणे, पाठीमागून वारा मिळतो म्हणून. वाढीव वेळ या वळशाचा, की धावपट्टीवर थांबण्याचाही त्यात धरतात? जाणकारांनी सांगावं.

खरा गोंधळ घड्याळाचा आहे. हिवाळ्यात न्यूयॉर्क सिंगापूरच्या १३ तास मागे असतं. म्हणजे मध्यरात्री १२ला निघालो, तर साडेअठरा तास बसून त्याच तारखेला पहाटे साडेपाचला उतरणार. मग रात्री ९ची गोळी कुठल्या ९ला द्यायची? डॉक्टरांना विचारणारच आहे, पण कुणी असा प्रवास केला असेल तर तुम्ही वेळा कशा सरकवल्यात ते कळलं तर त्यांच्याशी नीट बोलता येईल.

आणि एक, सलग बसून आईचे पाय सुजतात. मधे एक मुक्काम करावा का? एकूण वेळ वाढेल, पण मला तोच पर्याय बरा वाटतोय. तुमचा अनुभव काय?