ऑनलाइन कर्ज किंवा कार्डाचा अर्ज नामंजूर, कारण सांगेनात: तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ता, लातूर
मेव्हण्यानं लेकीसाठी लॅपटॉप हप्त्यावर घ्यायला मोबाईलवरून अर्ज केला. पॅन टाकला, आधारचा ओटीपी टाकला, डोळे मिचकावून सेल्फी दिला, चक्र फिरत राहिलं आणि शेवटी 'आमच्या अंतर्गत धोरणानुसार तुमचा अर्ज सध्या मंजूर करता येत नाही'. बस. पगार वेळेवर, एक हप्ता कधी बुडालेला नाही. कस्टमर केअरवाली म्हणायली, सर ते सिस्टिमनं केलंय. आता सिस्टिमला कुठं जाऊन विचारायचं?
ज्यांच्यासोबत असं झालंय त्यांनी लिहा, कारण शेवटी काय निघालं आणि कसं कळलं. कंपनीची नावं नकोत, एजंटचे नंबर तर अजिबात नकोत, सिबिल (कर्जफेडीच्या नोंदींवरून ठरणारा स्कोअर) वाढवून देतो म्हणणारे इथं गल्लोगल्ली बसलेत.

मोंढेकर, जालना
आपलं प्रकरण सरळ होतं पण कळायला लई वेळ गेला. दुकानासाठी लोन मागितलं, नाही म्हणाले, दुसरीकडं मागितलं, तिथंही नाही. मग पोरानं सिबिलचा पूर्ण रिपोर्ट काढला, नुसता स्कोअर नाही. त्यात एक ट्रॅक्टरचं कर्ज, मालकीच्या रकान्यात 'गॅरंटर'. चुलतभावाला जामीन राहिलो होतो ते मी विसरूनही गेलो होतो. खाली महिन्या-महिन्याच्या चौकटी असतात, हप्ता वेळेवर आला की ०००, आणि इथं ०३०, ०६०, ०९० असं चढत गेलेलं, म्हणजे इतके दिवस थकलं. कर्ज त्याचं, डाग माझ्या नावावर. बँकेचं चुकलं म्हणता येईना कारण सही माझीच. भाऊबंदकीत विषय काढला तर वहिनी बोलायची बंद झाली, पण दिवाळीनंतर त्यानं थकबाकी भरली. जामिनाची सही कुठं कुठं केलीय ते आधी आठवा राव.

परभणीची मास्तरीण
माझ्या रिपोर्टमध्ये दुसऱ्याच तालुक्यातलं एक पीककर्ज आणि एक सोनेतारण निघालं. माझ्या नावावर ना शेत ना तेवढं सोनं! उलगडा असा झाला की त्या बाई माझ्याच नावाच्या, नवऱ्याचं नावही तेच आणि जन्मतारीख १ जून. आमच्याकडं शाळेत नाव घालताना गुरुजींनी अर्ध्या गावाची जन्मतारीख १ जून लावलेली आहे, त्यात आडनाव सारखं असलं की झालंच. जुन्या कर्जाला पॅन जोडलेला नसणार, मग नाव आणि तारीख बघून माझ्या खात्यात चिकटवलं.
सिबिलच्या साईटवर डिस्प्यूट, म्हणजे नोंद चुकीची आहे अशी तक्रार, टाकला, पैसे लागत नाहीत. ते परस्पर खोडत नाहीत, त्या बँकेला विचारतात. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढं रोजचे १०० रुपये भरपाई द्यायचा नियम आहे, २६ एप्रिल २०२४ पासून. माझं मुदतीत निघालं म्हणून १०० रुपये काही मिळाले नाहीत 😄 पण एक लक्षात ठेवा, कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या असल्या कंपन्या चार आहेत, सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. मी सिबिल बघून निवांत होते आणि कार्डवाल्यांनी बघितला होता भलत्याच कंपनीचा रिपोर्ट.

नांदेडचं पोरगं
माझा स्कोअर -१. आयुष्यात कर्जच घेतलं नाही म्हणून! घरचे म्हणायचे उधारी करू नको, नाही केली, तर हे बक्षीस. शेवटी एफडी तारण ठेवून क्रेडिट कार्ड घेतलं. नंतर वाचलं की ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारनं लोकसभेत सांगितलंय, पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला नुसतं हिस्ट्री नाही म्हणून नाकारू नका असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना कळवलंय. ॲपला कोण सांगणार.

धाराशिवकर
वडलांचं पीककर्ज २०१९ च्या कर्जमुक्ती योजनेत माफ झालं, २ लाखांच्या आतलं होतं. सरकारनं पैसे भरले, बँकेला मिळाले, पण रिपोर्टवर 'सेटल्ड' लागलं, म्हणजे जणू आम्हीच तडजोड करून अर्धं बुडवलं. नंतर शेळीपालनासाठी गेलो तर साहेब स्क्रीनकडं बघून मान हलवायले. बेबाकी दाखला काढला, तो जोडून तक्रार टाकली, अजून 'प्रक्रियेत' आहे. यादीत नाव आलं तेव्हा पेढे वाटले होते आम्ही.

निवृत्त बँकवाला, संभाजीनगर
वाचत होतो, राहवलं नाही. नामंजुरीचं मुख्य कारण लेखी कळवायचं असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलेलं आहे, कर्ज छोटं असलं तरी. कस्टमर केअरशी भांडून घसा बसवू नका, कर्ज नाकारणाऱ्याच्याच तक्रार अधिकाऱ्याला मेल करा: अर्ज क्रमांक अमुक, कारण लेखी कळवा, कोणत्या कंपनीचा रिपोर्ट पाहिला तेही कळवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं, माहितीसाठी १४४४८. सप्टेंबर २०२२ पासून सिबिलसारख्या कंपन्याही लोकपालाखाली आल्यात. वरच्या चारही कंपन्यांकडून वर्षाला प्रत्येकी एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, आपला आपण बघितला तर स्कोअर कमी होत नाही. पण रागारागात या ॲपवरून त्या ॲपवर अर्ज टाकत सुटलात तर प्रत्येकाची चौकशी रिपोर्टवर नोंदली जाते आणि पुढच्याला वाटतं हा माणूस फारच अडचणीत दिसतोय. तेवढं थांबवा.

धागाकर्ता, लातूर
काल मेव्हण्याला घेऊन बसलो. एक क्रेडिट कार्ड निघालं, मॉलमध्ये टेबल टाकून बसलेल्या पोरानं गळ्यात मारलेलं. पाकीट कपाटात तसंच, कार्ड कधी चालूच केलं नाही, आणि त्यावर वार्षिक फी, तिच्यावर दंड, त्याच्यावर व्याज लागून थकबाकी दाखवायलेत. भरून टाकावं का भांडावं?

निवृत्त बँकवाला, संभाजीनगर
आधी भरू नका. कार्ड कधीचं ते बघा. २०२२ च्या क्रेडिट कार्डांच्या नियमांत स्पष्ट आहे, चालू न केलेल्या नव्या कार्डाची माहिती सिबिलला पाठवायचीच नाही. नंतरचं असेल तर चालू केल्याची तारीख आणि ओटीपीची नोंद लेखी मागा. पाकिटाचा फोटो काढून ठेवा, फाडू नका.