रेसिडेन्सीतल्या साहेबासाठी पुण्यात बसून रडायचं का?

पेठकर:
भटकभवानी यांच्या लखनौ सहलीच्या लेखाला खालीच उत्तर देणार होतो, पण लांबलं म्हणून वेगळा धागा काढतोय. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी: बाई रेसिडेन्सी, म्हणजे लखनौतलं इंग्रज रेसिडेंटचं जुनं आवार, बघायला गेल्या, तोफगोळ्यांनी चाळण झालेल्या भिंतीपाशी उभ्या राहिल्या आणि त्यांना रडू आलं. कुणासाठी? तर १८५७ च्या पावसाळ्यात आत कोंडून पडलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यासाठी. त्याचा धोबी पळाला, खानसामा पळाला, चिरूट संपले, हातात फावडं घ्यावं लागलं. शेवटचं वाक्य, "तोही कुणाचा तरी मुलगा होता."

होता ना. पण तो तिथे कशाला गेला होता? फेब्रुवारी १८५६ मध्ये कंपनीने अवध खालसा केलं, तिथल्या नवाबाला, वाजिद अली शाहला, कलकत्त्याला धाडलं, त्याच्या फौजेतली हजारो माणसं घरी बसवली. दीड वर्षाच्या आत, ३० जून १८५७ ला, लखनौजवळच्या चिनहटला साहेबाने बंडवाल्यांकडून मार खाल्ला आणि तो रेसिडेन्सीत जाऊन बसला. आता म्हणे त्याला स्वतःचा सदरा स्वतः धुवावा लागला! आमच्या आजीने बाळंतपणाच्या आठव्या दिवसापासून अख्ख्या वाड्याचं धुणं धुतलं, तिच्यावर कुणी लेख लिहिला नाही.

आणि इतकंच रडायचं असेल तर लखनौपर्यंत तिकीट कशाला काढायचं? सातारा दोन-अडीच तासांवर आहे. गेंडामाळावर सप्टेंबर १८५७ मध्ये सतरा जणांना मारलं. काहींना फाशी, काहींना गोळ्या, काहींना तोफेच्या तोंडी. त्यात साताऱ्याच्या छत्रपतींचे वकील रंगो बापूजी यांचा मुलगाही होता. आपल्यातले किती जण तिथे थांबलेत? कासला फुलं बघायला जाताना गाडी शेजारून जाते.

वानवडीची सून:
आजी आणि गेंडामाळ दोघांनाही नमस्कार. पण लेखात 'इंग्रज बरोबर होते' असं एक वाक्य दाखवा. ती बाई फक्त म्हणतेय की वेढ्यात अडकलेल्या माणसाचा दिवस कसा जात असेल ते तिला त्या भिंतीपाशी जाणवलं.

तो दिवस मला थोडाफार माहीत आहे, ऐकून. आमचे हे एकदा डोंगरातल्या एका चौकीवर होते, दरड कोसळून रस्ता एकोणीस दिवस बंद. गोळीबार शून्य. परत आल्यावर मी विचारलं, सगळ्यात वाईट काय होतं? म्हणाले, ओले मोजे. आणि जवानांसमोर चेहरा नीट ठेवणं. लखनौत हे सत्त्याऐंशी दिवस चाललं, तेही देवी, पटकी आणि हगवण चालू असताना. मेलेले बैल आवारातच कुजत होते, पुरायला माणसं नव्हती. २ जुलैला अवधचा मुख्य कमिशनर हेन्री लॉरेन्सच्या खोलीत गोळा फुटला, ४ तारखेला तो गेला. म्हणजे पाचव्या दिवशी वरचा माणूसच नाही, आणि ब्रिगेडियर इंग्लिसच्या अंगावर सगळं पडलं.

शिवाय तुम्ही सोयीने विसरलात: आत लढणाऱ्या सुमारे सतराशेंपैकी सातशेच्या वर हिंदी शिपाई होते. त्यांचा दिवस कसा जात होता हेही विचारा की.

पेठकर:
विचारतो. बाहेर आपलीच माणसं, त्यांच्याच गावची, त्यांच्याच पलटणीतली. भिंतीपलीकडून हाका मारत होती, इकडे या म्हणून. हे आतच राहिले. याला मराठीत एक शब्द आहे, तो मी लिहीत नाही.

वानवडीची सून:
लिहा ना. फितूर म्हणायचंय तुम्हाला. लॉरेन्सने हाक दिल्यावर निवृत्त शिपाई म्हातारपणी काठी टेकत आत आले, त्यांना फितूर म्हणा. त्यांची पेन्शन त्याच सरकारकडून येत होती, घर तिच्यावर चालत होतं. माझ्या सासऱ्यांची पेन्शन एका कागदावरच्या स्पेलिंगसाठी चौदा महिने अडकली होती. त्या चौदा महिन्यांत आमच्या घरात जे झालं ते बघितलं असतंत तर हा शब्द एवढा सहज ओठावर आला नसता. पेठेत बसून निष्ठेची वाटणी करणं फार सोपं असतं.

पेठकर:
पेठेवर यायचं कारण नाही.

हडपसरकर:
अरेरे, इतक्यात पेठ आली. मला वाटलं होतं निदान दहाव्या प्रतिसादापर्यंत थांबेल.

जुना भांडारी:
मी एकतीस वर्षं लष्करी डेपोत भांडार सांभाळलं, म्हणून या विषयातली खरी चीड आणणारी गोष्ट सांगतो. ती कुणीच काढली नाही.

लॉरेन्सने वेढा पडायच्या आधी भरपूर धान्य गोळा केलं होतं. जागा पुरेना म्हणून मेजवानीच्या इमारतीखाली पोहण्याचा हौद होता, तो धान्याने भरला. रसदीचा हिशोब बघणारा अधिकारी चिनहटला जखमी होऊन अंथरुणावर. लॉरेन्स मेला. झालं! हौदात काय आहे हे इंग्लिसला धड माहीतच नाही. तो सुटकेसाठी येणाऱ्या फौजेच्या सेनापतीला, हॅवलॉकला, चिठ्ठ्या धाडतोय की धान्य संपत आलं, लवकर या. माणसं अर्ध्या रेशनवर. आणि २५ सप्टेंबरला हॅवलॉक आणि त्याच्यासोबतचा जनरल आउट्रम गल्ल्यांतून घुसत आले, त्या एका दिवसात त्यांची पाचशेवर माणसं मेली किंवा जखमी झाली. आत येऊन मोजतात तर धान्य आहेच की. सुटका करायला आलेलेच आत अडकले, नोव्हेंबरच्या मध्यात सरसेनापती कॅम्पबेल दुसरी फौज घेऊन येईपर्यंत.

साठा एकाच माणसाच्या डोक्यात ठेवला की हे असं होतं. लेजर. रोजच्या रोज लेजर. दोन सह्या. बाकी शौर्य वगैरे तुम्ही बघा.

वानवडीची सून:
काका, तो अधिकारी जखमी होता. त्याने लेजर कसं लिहायचं?

जुना भांडारी:
जखमी व्हायच्या आधी लिहायचं. लेजर असतंच त्यासाठी. मी एकदा अपेंडिक्सला अचानक दाखल झालो, माझ्या जागी आलेल्या पोराने दुसऱ्या दिवशी सकाळी नटबोल्टसकट सगळं मोजून काढलं. का? कारण लिहिलेलं होतं.

हडपसरकर:
आमच्या सोसायटीत याची रोज प्रचीती येते. खालच्या टाकीच्या व्हॉल्व्हची चावी एकट्या सेक्रेटरींकडे. ते मुलीकडे नाशिकला गेले, फोन बंद. आम्ही चार दिवस टँकर मागवले. पाचव्या दिवशी प्लंबरने झाकण उघडलं तर टाकी काठोकाठ.

पेठकर:
चार दिवसांत एकालाही झाकण उघडून बघावंसं वाटलं नाही?

हडपसरकर:
झाकणाला कुलूप होतं. त्याचीही चावी नाशिकला.

जुना भांडारी:
चावीसाठी वेगळी वही हवी. चावी घेतली, वेळ, सही. मी आमच्या सोसायटीत अशी वही केली तर तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी तिच्यात दुधाचा हिशोब लिहिला.

वानवडीची सून:
दुधाचा तरी लिहिला. आमच्याकडे वॉचमनलाच लेजर समजतात.

कावडवाला:
टँकर चालू द्या, मी मूळ मुद्द्यावर येतो. वेढ्यातल्या माणसाचा दिवस समजून घ्यायला साहेबाचीच डायरी कशाला? आपला माणूस झाशीत होता की. वरसईचे गोडसे भटजी. पैसे मिळवायला म्हणून उत्तरेत गेले आणि बंडात सापडले. मार्च-एप्रिल १८५८ मध्ये इंग्रज जनरल ह्यू रोजचे गोळे शहरात पडत होते तेव्हा ते आतच होते, नंतरची कत्तल आणि लूट त्यांनी डोळ्यांनी पाहिली. होतं नव्हतं ते गमावलं, पण आईबापांना स्नान घालायला गंगेची कावड खांद्यावरून कोकणात आणली. ही हकिगत त्यांनी लिहून ठेवली, ती छापून आली १९०७ मध्ये, त्यांच्या मागे. हा माणूस ना राणीचा सैनिक ना साहेबाचा. नुसता भुकेला भिक्षुक. रडायचं तर याच्यासाठी रडा.

पेठकर:
हे बरोबर बोललात. धागा मी काढला आणि मुद्दा तुम्ही मांडला.

वानवडीची सून:
मुद्दा सुंदर आहे, पण त्याने माझं म्हणणं खोटं कुठे पडतं? भटजींचं वाईट वाटायला साहेबाचं वाटून घेऊ नये अशी अट आहे का? रेशनकार्ड आहे का हे?

आणि एक सांगा पेठकर, फुल्टन माहीत आहे? आतला इंजिनियर. बाहेरचे जमिनीखालून सुरुंग खणत येत होते, तेव्हा हा समोरून आडवा सुरुंग खणून अंधारात पिस्तूल घेऊन बसायचा. मधली माती पडेपर्यंत. १४ सप्टेंबरला तोफेच्या गोळ्याने गेला, हॅवलॉक यायच्या अकरा दिवस आधी. शत्रूचा असला तरी गडी होता, एवढं म्हणायला जीभ झडते का?

पेठकर:
गडी होता. म्हटलं. पण समोरून खणणाराही गडीच होता, आणि त्याचं नाव तुम्हाला सांगता येणार नाही, मलाही नाही. कारण लिहायला कागद आणि छापायला लंडन साहेबाकडे होतं. माझी तक्रार एवढीच आहे, बाकी तुमचे ते ओले मोजे वाचून मलाही जरा कसंसं झालं. सातशे शिपायांबद्दल मी जे न लिहिता लिहिलं तेही मागे घेतो. अर्धं.

वानवडीची सून:
अर्धं! उपकार झाले. उरलेल्या अर्ध्यासाठी अंगदचं ऐका. निवृत्त शिपाई. पिसाच्या नळीत चिठ्ठी लपवून वेढ्यातून बाहेर जायचा आणि हॅवलॉकचं उत्तर घेऊन परत आत यायचा. सापडला असता तर तोफेच्या तोंडी. बाहेर पडल्यावर परत न येण्याची पूर्ण सोय होती त्याला.

पेठकर:
परत का येत होता? बक्षिसासाठीच ना?

वानवडीची सून:
असेल. कॅप्टनसुद्धा पगार घेतच होता.

भटकभवानी:
माझ्यावर चाळीस प्रतिसाद आणि मला कुणी सांगितलंही नाही, भाचीने लिंक पाठवली तेव्हा कळलं. पेठकर, 'बाई' म्हणू नका, मी तुमच्याहून लहान असेन. मी रडले हे खरं. ऊन होतं, गुडघा दुखत होता, आणि गाईडने थडग्यांवरची लहान मुलांची वयं वाचून दाखवली. मग पुढच्या वळणावर त्यानेच सांगितलं की तिथला झेंडा १९४७ पर्यंत रात्रीसुद्धा उतरवत नसत, तेव्हा रागही आला. तो लेखात लिहायचा राहिला, ती चूक माझी. गेंडामाळावर मी तीन वर्षांपूर्वी जाऊन आलेय. तुम्ही गेला आहात का?

पेठकर:
गाडी शेजारून गेली आहे.

हडपसरकर:
जाहीर निवेदन: सेक्रेटरी नाशिकहून परतले. टाकीच्या दोन चाव्या करायचं ठरलं. दुसरी कुणाकडे ठेवायची यावर रविवारी सकाळी दहाला सभा आहे. भांडारी काका, येता का? चहा आहे.

जुना भांडारी:
येतो. वही मी आणतो. दुधाचा हिशोब लिहिलेली पानं फाडून.