‘दत्तक घेतलं गेलं’ की ‘दत्तक गेले’?

एका ख्रिस्ती लेखिकेच्या आठवणी मराठी अनुवादात वाचल्या. लहानपणी दत्तक गेलेली मुलगी, मारकुटा बाप, सतत बदलणारी घरं. मोठ्या आशेनं पुस्तक हातात घेतलं आणि फार निराश झाले. कुठलाही प्रसंग जरा रंगात आला की बायबलमधलं वचन येतं आणि प्रसंग तिथेच मिटतो. पण विचारायचंय ते एका शब्दाबद्दल. सगळीकडे ‘मला दत्तक घेतलं गेलं’ असं आहे. आपण असं बोलतो का?

– नाही बोलत. घेणारे दत्तक घेतात, जन्मदाते दत्तक देतात आणि मूल दत्तक जातं. ‘ती मामांकडे दत्तक गेली.’ मुलाच्या तोंडी ‘जाणे’च शोभतं. शिवाय ‘दत्त’ म्हणजे दिलेलं. ‘अडॉप्ट’च्या लॅटिन मुळात निवडणं आहे, देणारा कुठेच नाही. आपल्या शब्दात तो आहे.

– आम्ही चर्चमध्ये ‘दत्तकपणाचा आत्मा’ ऐकतच वाढलो (रोमकरांस पत्र ८:१५). मूळ ग्रीक ‘हुइओथेसिया’, म्हणजे पुत्राच्या जागी ठेवणं. पण घरातल्या कागदांवर हा शब्द नव्हता. १९५६ चा दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शिखांपुरता. ख्रिस्ती जोडप्याला १८९० च्या कायद्याखाली फक्त पालकत्व मिळे, मूल ‘पाल्य’, तेही सज्ञान होईपर्यंत. माझ्या आत्येबहिणीच्या शाळेच्या फॉर्मवर ‘वडील’ खोडून वर ‘पालक’ लिहिलेलं होतं. ती अजून त्या खोडलेल्या रेघेबद्दल बोलते. पुढे २००० च्या बाल न्याय कायद्यानं सगळ्या धर्मांना वाट मोकळी झाली.

आणि ताई, तुम्ही वाचलंत ते आत्मकथन नसून ‘साक्ष’ असावी, म्हणजे देवानं आपल्याला कसं तारलं हे सभेत उभं राहून सांगणं. साक्षीत सुटकेकडे जायची घाई असते, आधीचं आयुष्य भरभर सांगून टाकतात. सभेत दहा मिनिटांत ते चालतं, पुस्तकात नाही.

– टाकून दिलेल्या मुलाला मनुस्मृतीत वेगळा शब्द आहे: ‘अपविद्ध’. आईबापांनी टाकलेला, दुसऱ्यानं उचललेला. ‘दत्त’ होण्यासाठी हातानं द्यावं लागतं.

– ‘साक्ष’ अगदी पटलं. तुमची उत्तरं वाचून पुस्तक परत उघडलं, देणारीला शोधलं. जन्मदात्या आईबद्दल अख्ख्या पुस्तकात एकच ओळ आहे: तिनं निघताना मुलीच्या फ्रॉकचं वरचं बटण लावलं होतं.