पाठ नाही, मांड्या दुखतात!

हायब्रिड गाडीला (पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या) क्लचचं पेडल नाही, म्हणून लांबच्या प्रवासात ड्रायव्हरला त्रास नाही, हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटलं. इंदूरहून पुण्याला आम्ही वर्षातून दोन-तीनदा जातो. सेंधव्याचा बिजासन घाट उतरेपर्यंत मजेत. धुळ्यानंतर मात्र मांड्या भरून येतात, कारण सीटची बैठक आखूड. गुडघ्यामागे जवळजवळ वीतभर जागा रिकामी. डावा पाय तर अगदीच रिकामटेकडा. आणि खरी गोम अशी की गाडी पेट्रोल कमी पिते, त्यामुळे पंपावर थांबणंच होत नाही, माणूस चार-चार तास बसून राहतो! आता मी सीट जरा उंच केलीय, कंबरेमागे टॉवेलची घडी ठेवतो आणि सेंधव्याला चहाला सक्तीने उतरतो. टॉवेलवरून बायको हसते, हसू दे.