हवाईत बार्जचं भाडं सरकार काहून ठरवते?

धरमपेठवाला: राजेहो, एक सांगा. मामेभाऊ हवाईत माउई बेटावर राहते, त्यानं होनोलुलूहून फ्रीज मागवला तं बार्जचं (माल नेणाऱ्या सपाट बोटीचं) भाडं पाहून डोकंच फिरलं त्याचं, अन् म्हणते हे दर सरकारी कमिशन मंजूर करते. कंपनी प्रायव्हेट ना, मंग?

बर्डीकर: भाऊ, आपल्याकडे विजेचे दर आयोग ठरवते ना, तसंच. तिथं पब्लिक युटिलिटीज कमिशन हाय. बेटाबेटात माल नेणारी मुख्य कंपनी एकच, यंग ब्रदर्स. समुद्रावर ट्रक चालवान काय? पण कमिशन नेहमी गिऱ्हाइकाचंच ऐकते असं नाई, 2020 मध्ये कोरोनात धंदा बसला तवा 46 टक्के वाढ मंजूर केली होती.

धरमपेठवाला: 46?? बापा!

संत्रीवाला: दुसरी कंपनी आणा म्हणणं सोपं हाय, ती आली की होनोलुलू-हिलोसारखे कमाईचे रूट पकडीन, मोलोकाईसारख्या लहान बेटाले दोन पोते तांदूळ घेऊन कोण जाईन? म्हणून तं परवाना लागते. अन् अमेरिकेच्या मेनलँडहून येणारा माल वेगळा, त्याचं भाडं हे कमिशन ठरवत नाई. 1920 चा जोन्स ॲक्ट, म्हणजे अमेरिकेच्या बंदराबंदरात माल अमेरिकी जहाजानंच न्यायचा हा कायदा, तो तं दोन्हीले लागते. फ्रीज होनोलुलूत होता का तिकडूनच निघाला, भावाले बिल नीट पाह्यले सांग.