बारावीनंतर म्युझिक कॉलेज की गुरुजींकडेच शिकायचं?

पेडण्याची_पोर:
नमस्कार, मी पेडण्याची, यंदा बारावी झाले कॉमर्समधून. गेली नऊ वर्षं गावातल्याच गुरुजींकडे गाणं शिकतेय, गांधर्व महाविद्यालयाची मध्यमा ही गाण्याची परीक्षा पूर्ण झालीय. आता मला पणजीला आल्तिनोवर गोवा म्युझिक कॉलेजात बीपीए (गाण्यातली पदवी) करायचंय पण बाबा म्हणतात बीकॉम कर, गाणं काय संध्याकाळी चालूच आहे. आणि खरं सांगू का, भीती मलाही वाटते, वर्गात सगळ्यांबरोबर बसून शिकले तर गुरुजींनी गळ्यावर घातलेलं पुसलं जाईल की काय. ज्यांनी गाण्यात डिग्री केलीय त्यांनी प्लीज सांगा, वर्गात नेमकं काय होतं?

साखळीची_ताई:
अगं मी केलंय, आता हायस्कुलात संगीत शिकवते. पहिले दोन महिने मी नुसती रडायचे. आपण गांधर्ववाले स्वर पलुस्कर पद्धतीने लिहितो ना, त्यात डोक्यावर बिंदू म्हणजे मंद्र, खालचं सप्तक, आणि आमच्या वर्गात भातखंडे पद्धत, तिथे डोक्यावर बिंदू म्हणजे तार, वरचं सप्तक! पहिल्याच चाचणीत माझी अख्खी बंदिश एका सप्तकातून दुसऱ्यात गेली. हे आत्तापासून गुरुजींकडून समजून घे, दोन्ही पद्धतीत लिहायची सवय कर. शिवाय तालाची दुगुन चौगुन (दुप्पट, चौपट लय) कागदावर लिहावी लागते, तिलवाडा ताल हातावर येत असला तरी लिहिताना मात्रा चुकतात.
दुसरं म्हणजे पट्टी, म्हणजे पेटीवरच्या ज्या सुराला सा धरून गातो तो. मुली काळी चार, मुलगे काळी एक नाहीतर दोन, एकत्र तासाला कुणाचा तरी गळा ताणला जातो, तेव्हा हट्टाने ओरडू नको, खालच्या आवाजात गा आणि आपल्या पट्टीचा रियाज घरी पहाटे कर, बस पकडायच्या आधी.
पण मिळालं काय ते पण सांगते. घरी मी कायम ॲपच्या तबल्यावर गायचे. कॉलेजात तबल्याची मुलं मोकळ्या तासाला ठेका धरायची, विलंबित एकताल खऱ्या हाताबरोबर पहिल्यांदा गायले तेव्हा कळलं की समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) यायची घाई मी किती वर्षं करत होते. आणि दुसरी मुलगी तोच यमन राग वेगळ्या तऱ्हेने मांडताना ऐकलं ना, की आपल्या गुरुजींनी आपल्याला काय दिलंय ते जास्त कळतं. पुसलं नाही गं काही. फक्त रविवारी गुरुजींकडे जाणं मी चार वर्षांत एकदाही चुकवलं नाही.

डिचोलीचा_तबलजी:
बाबांच्या बाजूने थोडं बोलतो, कारण मी बीकॉम केलं आणि तबला संध्याकाळी ठेवला. तिसऱ्या वर्षाला रियाज अर्ध्या तासावर आला, कारण सीएची तयारी, मग नोकरी, हात जड झाला तो झालाच. दोन्ही सांभाळलेली माणसं आहेत, आपले मंगेशीचे गायक जितेंद्र अभिषेकीबुवा संस्कृतचे पदवीधर, पण त्यांच्याइतकी ओढ माझ्यात नव्हती हे मला उशिरा कळलं. बाबांना एवढंच सांग की शाळेत संगीत शिक्षक व्हायला डिग्री उपयोगी पडते. आकाशवाणीच्या ऑडिशनला मात्र डिग्री कोण बघत नाही, तिथे गाणंच ऐकतात, त्यामुळे गुरुजींची तालीम तिकडे कामाला येईल.

फोंड्याचा_काका:
बाय, केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या मोठ्या गायिका, दोघी त्यांचे गुरू अल्लादिया खाँसाहेबांसमोर बसून तयार झाल्या, आपल्या गोव्याच्याच. तशी तालीम कुठलंही कॉलेज देत नाही. पण तशी तालीम मिळायला दिवसभराचा वेळ लागतो आणि आजच्या घरात तो वेळ मुलीला कोण देतो? कॉलेजमुळे तुला चार वर्षं सकाळ-संध्याकाळ गाण्यातच राहायला मिळेल, ते सोडू नको. फॉर्म भरायच्या आधी गुरुजींना भेट, त्यांच्या पाया पडून विचार, त्यांना बाहेरून कळायला नको.

पेडण्याची_पोर:
ताई, काका, दादा, खूप बरं वाटलं. आज संध्याकाळी गुरुजींना सांगितलं. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, तंबोऱ्याच्या तारांची जवारी (गुंजणारा नाद) लावत बसले, मग म्हणाले रविवारी सातला यायचं, साडेसातला नाही. आणि भातखंड्यांच्या बंदिशींच्या क्रमिक पुस्तकाचा पहिला भाग कपाटातून काढून दिला. बाबांशी उद्या ते स्वतः बोलणार आहेत.